पोकेमॉन गोचे खूळ आणि लोकांचे बोल : एका लाटेचा अभ्यास

आपल्या साहित्य मंडळाच्या अभ्यासवर्गात यंदा माझ्याकडे 'लोकप्रतिक्रिया कशी वाचावी' हा विषय आला. वर्गात जे बोललो त्याचाच हा थोडा विस्तार आहे.

लोकप्रतिक्रिया म्हणजे काय? समाजात एखादी नवी गोष्ट आली की लोक तिच्याविषयी काय बोलतात, कशाला हसतात, कशाला घाबरतात आणि शेवटी काय करतात, ते सगळे. आपण कविता वाचतो, कथा वाचतो, तशीच ही प्रतिक्रियाही वाचता येते. तिलाही शब्द असतात, सूर असतो, आणि न बोललेल्या गोष्टीही असतात.

उदाहरण म्हणून मी २०१६ सालचा 'पोकेमॉन गो' हा मोबाईलवरचा खेळ घेतला. "सर, खेळावर काय अभ्यास करायचा?" असे एकाने विचारलेच. प्रश्न रास्त आहे. पण मांजरेला पूर आलेला असताना कुणी पाण्याचा अभ्यास करत नाही. पूर ओसरल्यावर काठाला कसला गाळ राहिला ते दिसते. हा पूर ओसरून आता बरीच वर्षे झाली आहेत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. हा खेळ घरात बसून खेळायचा नव्हता. तो रस्त्यावर, बागेत, देवळासमोर, चर्चच्या आवारात, कधी दुसऱ्याच्या दारात जाऊन खेळायचा होता. त्यामुळे जे खेळत नव्हते त्यांनाही त्यावर काहीतरी बोलावे लागले. असा खेळ त्याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कधी आला नव्हता.

१. खेळ काय होता?

पोकेमॉन मूळचे जपानचे. १९९६ साली निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी पहिले पोकेमॉन खेळ आले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता, आणि त्या छंदातूनच 'प्राणी शोधा, पकडा, जपा' ही कल्पना निघाली. आपल्याकडच्या मुलांनी पोकेमॉन पुढे टीव्हीवर हिंदीत पाहिले. म्हणजे २०१६ मध्ये जे कॉलेजात होते, त्यांना पिकाचू काही परका नव्हता.

'पोकेमॉन गो' तयार केला नायान्टिक या अमेरिकन कंपनीने. ही कंपनी आधी गुगलच्या पोटात होती, २०१५ मध्ये वेगळी झाली. जुलै २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिकेत खेळ सुरू झाला. ॲपलने सांगितले की पहिल्या आठवड्यात एवढे डाउनलोड त्यांच्या दुकानातल्या कुठल्याच ॲपला मिळाले नव्हते.

खेळाची रीत सोपी. फोनमधला जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो. पडद्यावर खऱ्या रस्त्यांचा नकाशा येतो. तुम्ही चालाल तसे नकाशावरचे तुमचे बाहुले चालते. वाटेत पोकेमॉन दिसतात. कॅमेरा लावला तर ते समोरच्या ओट्यावर, झाडाखाली बसल्यासारखे भासतात. चेंडू फेकून ते पकडायचे. काही ठिकाणी 'पोकेस्टॉप' असतात, तिथे चेंडू आणि अंडी मिळतात. अंडे उबवायचे तर २, ५ किंवा १० किलोमीटर चालावे लागे. आणि काही ठिकाणी 'जिम' म्हणजे आखाडे असतात, तिथे आपापल्या पोकेमॉनची झुंज लावायची.

आता कळीचा प्रश्न : ही ठिकाणे ठरवली कोणी? नायान्टिकचा आधीचा एक खेळ होता, 'इनग्रेस'. त्याच्या खेळाडूंनी आपापल्या गावातली स्मारके, पुतळे, देवळे, चर्च, कारंजी, भिंतीवरची चित्रे यांचे फोटो काढून कंपनीकडे पाठवले होते. तीच यादी 'पोकेमॉन गो'ला मिळाली. म्हणजे नकाशा कंपनीने एकटीने काढला नव्हता. हौशी लोकांनी त्यांना जे 'बघण्यासारखे' वाटले ते नोंदवले होते. त्यांना जे दिसले नाही ते नकाशावर आले नाही, आणि ज्या जागेला त्यांनी नोंदले त्या जागेच्या माणसांना कोणी विचारले नाही. पुढच्या बहुतेक प्रतिक्रियांचे मूळ इथे आहे.

२. प्रतिक्रियांचे प्रकार

जगभरातल्या प्रतिक्रिया मी पाच गटांत लावून पाहिल्या. गट पक्के नाहीत, एकातून दुसऱ्यात पाणी झिरपते. पण अभ्यासाला सोयीचे आहेत.

पहिला गट कौतुकाचा. मुले घराबाहेर पडली, चालू लागली, अनोळखी माणसांशी बोलू लागली, म्हणून पुष्कळांना बरे वाटले. डॉक्टरांनीही दखल घेतली. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डिसेंबर २०१६ मध्ये एक अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंची पावले त्यांच्या फोनवरून मोजली होती. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावले वाढली. नंतर हळूहळू घट होत गेली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत गाडी पुन्हा मूळ ठिकाणी आली. कौतुक खरे होते, पण सहा आठवड्यांचे होते. आपल्याकडे पंढरीला किंवा गाणगापूरला पायी जाणारा माणूस वर्षानुवर्षे का चालतो, आणि हा सहाव्या आठवड्यात का थांबतो, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. वारीत चालणारा एकटा नसतो आणि त्याच्या चालण्याला घरच्यांची, गावची साक्ष असते. खेळात पावलांचा हिशेब फक्त यंत्राकडे होता.

दुसरा गट शोकाच्या जागांचा. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने, पोलंडमधल्या आउशविट्झ स्मारकाने आणि आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीने लोकांना विनंती केली की इथे खेळू नका. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात पोकेस्टॉप आणि जिम होते; ६ ऑगस्टचा स्मृतिदिन जवळ आला तेव्हा शहराने ते काढायला सांगितले आणि ते काढले गेले. इथे कोणी खेळाला वाईट म्हटले नव्हते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की जिथे माणसे मान खाली घालून उभी राहतात, तिथे मान खाली घालून मोबाईल बघणे वेगळे.

तिसरा गट शेजाराचा आणि मालकीचा. सिडनीच्या ऱ्होड्स या उपनगरात एका छोट्या बागेभोवती काही पोकेस्टॉप जवळजवळ आले होते. रात्री उशिरापर्यंत शेकडो लोक जमू लागले. गाड्या, आरडाओरडा, कचरा. रहिवासी इतके वैतागले की वरच्या मजल्यांवरून पाण्याचे फुगे फेकले गेले. शेवटी ते थांबे काढावे लागले. अमेरिकेत घरमालक कोर्टात गेले. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि घराजवळच्या ठिकाणाबद्दल तक्रार आली तर ठरलेल्या मुदतीत उत्तर देण्याचे कंपनीने मान्य केले. माझ्या दाराची हवा कोणाची, असा हा नवाच प्रश्न होता. पडद्यावर काढलेल्या चित्राला सातबारा नसतो, पण त्या चित्रापायी येणारी माणसे खऱ्या पायांनी येतात.

चौथा गट सुरक्षेचा. जपानमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये तोकुशिमा इथे खेळत गाडी चालवणाऱ्याने दोन महिलांना धडक दिली, त्यात एक दगावली. ऑक्टोबरमध्ये आइची प्रांतात एका ट्रकखाली नऊ वर्षांचा मुलगा गेला, तिथेही चालक खेळत होता. पुढे खेळात वेगाची अट आली. गाडीच्या वेगाने जाणाऱ्याला 'मी चालक नाही, प्रवासी आहे' असे कबूल करावे लागे. इंडोनेशियात एक फ्रेंच माणूस पोकेमॉन शोधता शोधता लष्करी आवारात शिरला आणि पकडला गेला. इराणने ऑगस्ट २०१६ मध्ये खेळावर बंदीच घातली.

पाचवा गट श्रद्धेचा. तो आपल्या कॉलेजच्या वाचकांना जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर पाहू.

३. चर्चच्या दारात पिकाचू

पाश्चात्त्य गावांत चर्च ही सगळ्यात ठळक इमारत, त्यामुळे पुष्कळ चर्च आपोआप पोकेस्टॉप झाले. रविवारी बाकी रिकामे, आणि आवारात मात्र मोबाईल धरलेली तरुण पोरे. अशा वेळी काय करावे?

इंग्लंडच्या चर्चने जुलै २०१६ मध्येच आपल्या मंडळ्यांना सल्ला दिला. त्याचा आशय असा : तुमचे चर्च पोकेस्टॉप आहे का ते पाहा, असेल तर आलेल्यांचे स्वागत करा, पाटी लावा, पाणी द्या, फोन चार्ज करायची सोय करा, बोला त्यांच्याशी. जो माणूस एरवी कधीच या दारात आला नसता, तो आला आहे.

रशियात उलटे घडले. येकातेरिनबुर्ग शहरात, जिथे शेवटच्या झारच्या कुटुंबाला मारले त्या जागी एक मोठे चर्च उभे आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये एका तरुण ब्लॉगरने तिथे आत जाऊन खेळ खेळला, त्याचा व्हिडिओ केला आणि धर्माची टिंगल करत तो प्रसारित केला. त्याला अटक झाली. मे २०१७ मध्ये कोर्टाने त्याला साडेतीन वर्षांची, पण स्थगित ठेवलेली शिक्षा सुनावली. खटला त्या एका व्हिडिओपुरता नव्हता, इतर व्हिडिओही होते. पण जगभर बातमी गेली ती 'चर्चमध्ये पोकेमॉन खेळला म्हणून शिक्षा' अशी.

सौदी अरेबियात २००१ साली पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळाविरुद्ध फतवा निघाला होता. २०१६ मध्ये तो पुन्हा वर आला, आणि नवा फतवा काढलेला नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. गंमत अशी, की २०२५ मध्ये नायान्टिकने आपला खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीला ३.५ अब्ज डॉलरला विकला, आणि स्कोपलीची मालकी सौदीच्याच सरकारी गुंतवणूक निधीकडे जाते. प्रतिक्रिया कायमची नसते, हे लक्षात ठेवण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरे.

एकच घटना, पण पवित्र जागेने दिलेली उत्तरे वेगवेगळी : या, बसा, किंवा निघा, नाहीतर पोलीस. यातले कुठले बरोबर हे मी एका वाक्यात सांगणार नाही, कारण आलेला माणूस कसा आला तेही पाहावे लागते. पाणी मागत आलेला आणि टिंगल करत आलेला यांत फरक आहे. पण दार बंद करण्याआधी तो फरक पाहिला गेला का, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारता येतो.

४. भारतात : अंडे, रांग आणि जिओ

भारतात खेळ अधिकृतपणे आला १४ डिसेंबर २०१६ ला, रिलायन्स जिओच्या साथीने. रिलायन्स डिजिटलची दुकाने आणि इतर भागीदार ठिकाणे पोकेस्टॉप आणि जिम झाली. बघा, इथे यादीत नवी भर पडली. आधी देवळे, पुतळे, स्मारके होती. आता दुकानेही 'बघण्यासारखी' ठरली.

तो काळ आठवा. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले होते आणि फुकट डेटाचा पाऊस पडत होता. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली होती. डिसेंबरात निम्मा देश बँकेच्या आणि एटीएमच्या रांगेत उभा होता. हातात फोन होता, फोनमध्ये डेटा होता, फक्त चालायला मोकळीक नव्हती. तोवर जगातला पहिला जोरही ओसरला होता. हौशी लोकांनी जुलैपासूनच आडमार्गाने खेळ फोनमध्ये घालून घेतला होता. अधिकृत खेळ आला तेव्हा त्यांतले कित्येक कंटाळूनही गेले होते.

पण भारतातली सगळ्यात गाजलेली प्रतिक्रिया त्याच्याही आधीची आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. म्हणणे असे : खेळात देवळांच्या ठिकाणी अंडी मिळतात, हिंदू आणि जैन मंदिरांत अंडे निषिद्ध आहे, त्यामुळे भावना दुखावतात, खेळावर बंदी घाला. सुरक्षेचा आणि खाजगीपणाचा मुद्दाही होता. न्यायालयाने कंपनीला आणि सरकारला नोटीस काढली.

वर्गात हे सांगितल्यावर हशा पिकला. "चित्रातलं अंडं, सर!" मी म्हटले, हसा, पण जरा थांबून हसा. चित्रातले अंडे फुटत नाही, वास येत नाही, हे खरे. पण चित्रातला देव आपण पायाखाली येऊ देतो का? कॅलेंडरचा कागद रद्दीत टाकताना हात अडखळतो की नाही? चिन्हाला वस्तूइतके मोल देण्याची सवय आपल्या सगळ्याच धर्मांत आहे, आणि साहित्य तर त्याच सवयीवर उभे आहे. जपानी-अमेरिकन कल्पनेतले अंडे म्हणजे 'आतून काय निघेल' याची उत्सुकता. अहमदाबादच्या देवळाच्या पायरीवर त्याच अंड्याचा अर्थ बदलला. शब्द दुसऱ्या गावात गेला की अर्थ बदलतो हे आपण सीमाभागातल्या लोकांनी दुसऱ्या कोणाकडून शिकायची गरज नाही. बंदीची मागणी मला पटत नाही. पण अंड्याचा मुद्दा वेडगळ म्हणून सोडून देणे हेही नीट वाचणे नव्हे.

५. नकाशावर आपण कुठे?

आता आपल्या भागाकडे वळू. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद; तिकडे कलबुरगी, आळंद, अफजलपूर. बघण्यासारख्या जागांची इथे वाण आहे काय? बीदरचा किल्ला, १४७२ चा महमूद गावानचा मदरसा, अष्टूरच्या बहमनी कबरी, गुरुद्वारा नानक झिरा, झरणी नरसिंह. कलबुरगीला ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा, शरणबसवेश्वराचे मंदिर, बुद्ध विहार. मैलारचा मल्लण्णा, गाणगापूरच्या पादुका. दहा मैलांत चार धर्म आणि चार भाषा.

पण खेळाचा नकाशा गुणांवर भरत नाही, नोंदवणाऱ्यांवर भरतो. अमेरिकेत २०१७ मध्ये संशोधकांनी दाखवले की पोकेस्टॉप शहरांत दाट, खेड्यांत विरळ आहेत, आणि जिथे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक वस्ती जास्त तिथेही कमी आहेत. खेळाडू जिथे राहतात तिथलीच स्मारके नोंदली जातात, हे त्याचे साधे कारण. खेड्यातल्या खेळाडूला एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत बस पकडून जावे लागायचे, अशी तक्रार जगभर होती.

पुढे खेळाडूंनाही जागा सुचवण्याची सोय झाली. फोटो काढायचा, नाव लिहायचे, दोन ओळींत माहिती लिहायची; मग दुसरे खेळाडू ती मान्य किंवा अमान्य करतात. खाजगी घरे आणि लहान मुलांच्या शाळा चालत नाहीत. इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. नाव कुठल्या भाषेत लिहिणार? अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. तिथल्या उरुसाला मुसलमान येतात आणि अल्लमप्रभू मानून लिंगायतही येतात. दोन ओळींत कोणाचे नाव पहिले लिहाल? एका ओळीत गाव हरवू शकते आणि एका ओळीत भांडण लागू शकते.

या नकाशाचा दुसराही उपयोग होत गेला. नायान्टिकने २०२४ मध्ये सांगितले की खेळाडूंनी काढलेल्या जागांच्या चित्रणातून जगाची त्रिमितीय समज असलेली संगणकीय प्रणाली उभी करण्याचे काम चालू आहे. पोरे पोकेमॉन गोळा करत होती, तेव्हा कंपनी जागा गोळा करत होती. झरणी नरसिंहाच्या बोगद्यात कमरेएवढ्या पाण्यातून चालावे लागते, डोक्यावर खडक असतो, तिथे जीपीएसचा संदेश पोहोचत नाही. तेवढा एक देव नकाशाबाहेर राहिला म्हणायचे!

६. 'कुठलं गाव, पाव्हणं?'

इथपर्यंत गोष्ट हलकी होती. आता जड भाग.

शहरात अनोळखी माणूस रोजचाच. त्याने मान खाली घालून, फोन समोर धरून, इकडे दोन पावले तिकडे दोन पावले केली तरी कोणी विचारत नाही. आपल्या खेड्यात तसे नाही. पारावरचा म्हातारा विचारतोच, "कुठलं गाव, पाव्हणं? कुणाकडं आलात?" कन्नडमध्ये "याव ऊरु?" असे म्हणतात. यात संशय कमी आणि नाते जोडण्याची खटपट जास्त असते. उत्तर मिळाले की चहा येतो.

फिरस्त्या माणसांना हे ठाऊक असते. वासुदेव टोपी घालून, चिपळ्या वाजवत येतो. नंदीबैलवाला गुबुगुबु वाजवतो. डवरी गोसावी डमरू घेऊन येतो. 'मी परका आहे, पण माझे काम हे आहे' असे त्यांचे सोंग, त्यांचे वाद्य आधीच सांगते. पोकेमॉन खेळणाऱ्याकडे असे काहीच नसते. त्याचे काम फक्त त्याच्या पडद्यावर दिसते. बघणाऱ्याला दिसतो तो एक परका माणूस, जो आपल्या घराचा, देवळाचा, मुलांचा जणू फोटो काढतो आहे. जगभर या खेळाच्या खेळाडूंना चोर समजले गेले, हटकले गेले, त्यामागे हेच आहे.

आणि आता २०१८ आठवा. व्हॉट्सॲपवर 'मुले पळवणारी टोळी आली आहे' अशी अफवा देशभर फिरत होती. आपल्याकडे कन्नडमध्ये 'मक्कळ कळ्ळरु' म्हणून. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे सोलापूरकडच्या पाच भिक्षेकऱ्यांना, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या माणसांना, जमावाने ठार मारले. १३ जुलैला आपल्याच जिल्ह्यात, औरादकडच्या मुरकी गावात, हैदराबादहून मित्रांसोबत आलेल्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. वाटेत त्यांनी शाळेच्या मुलांना चॉकलेटे दिली होती, एवढेच निमित्त. त्यांचा व्हिडिओ पुढच्या गावापर्यंत त्यांच्या गाडीच्या आधी पोहोचला. अटक झालेल्यांत व्हॉट्सॲप गटाचा चालकही होता. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध निर्देश दिले, आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली.

स्पष्ट सांगतो, या दोन्ही घटनांचा पोकेमॉनशी काही संबंध नाही. कोणी खेळत नव्हते. तरी मी त्या इथे आणतो, कारण दोन्हींकडे मुळात प्रश्न एकच आहे : परका माणूस दिसला की आपण काय वाचतो? राईनपाड्याला मारले गेले ते डवरी गोसावी होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव ओळखीचा असलेला त्यांचा वेषही त्यांना वाचवू शकला नाही. फोनवरच्या अफवेने डोळ्यांसमोरची ओळख पुसून टाकली. आणि मुरकीला "कुठलं गाव, पाव्हणं?" हा प्रश्न विचारला गेला असता, उत्तर ऐकण्याइतका वेळ कोणी थांबला असता, तर शेजारच्या गावातल्या मित्राचे नाव निघाले असते. ते त्यालाच भेटायला आले होते.

खेळाचे शब्द आणि अफवेचे शब्द शेजारी ठेवून पाहा. खेळात ओरडायचे, 'पकडला!' अफवेतही हाक तीच, 'पकडा!' शब्द एक. एकीकडे चित्र पकडले जाते, दुसरीकडे माणूस. नव्या करारात इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात परक्याचा पाहुणचार विसरू नका अशी सूचना आहे, कारण काहींनी नकळत देवदूतांचाच पाहुणचार केला होता. बसवण्णांच्या कल्याणात दारी आलेल्याला जात विचारायची नाही, हा आग्रह होता. या दोन्ही शिकवणी आपल्या जिल्ह्यात रविवारी आणि सोमवारी ऐकू येतात. ती १३ जुलै शुक्रवारी आली होती.

७. वेड, खूळ, नाद, साथ

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी शेवटचा मुद्दा शब्दांचा. नव्या गोष्टीला आपण जे नाव देतो, तीच आपली पहिली प्रतिक्रिया असते.

'खूळ' म्हटले की बोलणारा शहाणा आणि खेळणारा खुळा ठरतो. 'वेड' थोडे मवाळ. संतांच्या भाषेत देवाचे वेड, देवाचे पिसे हा गौरव आहे. 'छंद' म्हटले की लगेच मान मिळतो, आणि कवितेचे वृत्तही त्याच शब्दात बसते. 'नाद' मजेदार आहे : आवाजही तोच, आणि 'पोरगं नादी लागलं' यातला नादही तोच. 'व्यसन' म्हटले की डॉक्टर आणि बंदी दोन्ही जवळ येतात. 'लागण' म्हटले की खेळणारा रोगी होतो. आणि 'साथ'? साथ म्हणजे पटकी-प्लेगची साथ, आणि साथ म्हणजे सोबतही. कन्नडमध्ये 'हुच्चु' म्हणजे वेड आणि 'गीळु' म्हणजे सुटत नाही असा ध्यास. आपल्या बोलण्यात दोन्ही येतात.

२०१६ मध्ये एकाच पोराच्या एकाच चालण्याला आई 'नाद' म्हणाली, डॉक्टर 'व्यायाम' म्हणाले, शेजारी 'उपद्रव' म्हणाला, कंपनी 'अनुभव' म्हणाली आणि मित्र 'साथ' म्हणाले. पोरगा तोच, रस्ता तोच.

म्हणून कुठलीही लोकप्रतिक्रिया वाचताना चार प्रश्न विचारावेत, असे मी सुचवतो. एक, बोलणारा कुठे उभा आहे : खेळात, दारात की दूर? दोन, त्याने कुठला शब्द निवडला, आणि दुसरा का निवडला नाही? तीन, ज्यांच्याविषयी बोलणे चालू आहे त्यांना कोणी विचारले का? चार, बोलण्यानंतर कृती काय झाली : पाटी लागली, पाणी दिले, फुगा फेकला, की दगड उचलला?

चौथा प्रश्न सगळ्यात मोठा. हशा, तक्रार, याचिका, बंदीची मागणी, हे सगळे लोकशाहीत चालणारे मार्ग आहेत. त्यात कितीही वेडेपणा असला तरी उलट उत्तर द्यायला जागा राहते. हात उचलला की ती जागा संपते.

स्वाध्याय

१. आपल्या गावातली एक जागा निवडा. गाव कधीच न पाहिलेल्या माणसासाठी तिची माहिती दोन ओळींत लिहा. मग तीच माहिती त्या जागेशी वेगळे नाते असलेल्या शेजाऱ्याकडून लिहून घ्या. दोन्ही शेजारी ठेवून फरक टिपा.

२. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांच्या तरुणपणी कुठल्या गोष्टीला गावाने 'खूळ' म्हटले होते? रेडिओ, सिनेमा, सायकल, व्हिडिओ? आज तिला काय म्हणतात?

३. मागच्या महिन्यात तुमच्या फोनवर पुढे पाठवला गेलेला, भीती घालणारा एक संदेश घ्या आणि त्याला वरचे चार प्रश्न लावा. उत्तरे वहीत लिहा. संदेश मात्र पुढे पाठवू नका.

४. गावात कोणी परका माणूस फोन घेऊन उभा दिसला, तर तुम्ही पहिले वाक्य कुठले बोलाल? मराठी, कन्नड, दखनी, तेलुगू, कुठल्याही भाषेत लिहा. पुढच्या वर्गात ही वाक्ये आपण मोठ्याने वाचणार आहोत.